काढा गं, सोनू!

रविवार, भर दुपार
(दुकान बंद, गाडीही बंद)

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार.

साष्टांग म्हणजे अक्षरशः साष्टांग. गेले सात महिने माझा बराचसा फावला वेळ जमिनीवर उताणा नाहीतर पालथा जातो, त्यामुळे थोरामोठ्यांना नमस्कार घालायला मला आता वेगळं वाकावं लागत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुर करतो की फक्त उतरताना? (चढताना करत असेल तर काळजी करू नका, आमची गाडीही चढावरच करते.) वहिनींना नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेला लोकरीचा गळपट्टा अगदी वेळेवर पोचला आणि फार उपयोगी पडला. कुठे ते विचारू नका, पण त्या भागातून आता तेल गळत नाही. आईंची, म्हणजे तुमच्या मातोश्रींची आणि माझ्या सासूबाईंची, तब्येत ठणठणीत आहे. डोळ्यांचा नंबर वर्षभर जागचा हललेला नाही, कालच पुन्हा तपासला. कानांचं मात्र कठीण आहे. श्रवणयंत्र आहे, पण बॅटरी वाचावी म्हणून त्या ते बंद ठेवतात आणि जे ऐकू आलं नाही त्याचा अर्थ स्वतःच्या पदरचा लावतात. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही याबद्दल कान पकडतो. तुमच्या बहिणीने फोनवर तुम्हाला बरंच काही सांगितलं असेल. त्यातलं निम्मं खरं मानू नका. उरलेलं निम्मं तिने तुम्हाला काळजी वाटेल म्हणून सांगितलेलं नाही, ते मी सांगतो.

तर गाडी. दादा, माणसाला एखादी गोष्ट लहानपणी चावते आणि त्याचं विष पन्नाशीत चढतं. आमच्या न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी एक कॅलेंडर होतं. त्यावर एक लाल जपानी गाडी होती. दोन दारं, दोन जागा, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि दिवे मिटलेले. म्हणजे दिवे बाहेर दिसतच नाहीत, हवे तेव्हा पापणी उघडावी तसे वर येतात. ते वर्ष संपलं तरी न्हाव्याने कॅलेंडर काढलं नाही आणि मी न्हावी बदलला नाही. पुढे मी चष्म्याचं दुकान टाकलं, लग्न केलं, केस गेले (न्हाव्याकडे जाण्याचं निमित्तही गेलं), पण ते मिटलेले डोळे काही मनातून जाईनात. आणि मागच्या वर्षी एके दिवशी, एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यात औषध घालून त्याची बाहुली मोठी होण्याची वाट बघत असताना, मी फोनवर सहज बघायला गेलो तर तीच गाडी जपानात लिलावाला उभी होती.

आता इथे माझा धंदा मला नडला. तिकडे लिलावाच्या गाडीबरोबर एक कागद येतो. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि चित्रावर जागोजाग लहान-मोठी अक्षरं आणि आकडे. इकडे ए, तिकडे यू, खाली डब्ल्यू, कोपऱ्यात एस. मी तीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतोय. मी चष्मा न लावता सगळ्यात बारीक ओळदेखील घडाघडा वाचली, स्वतःवरच खूश झालो आणि होकार कळवून टाकला. ती अक्षरं वाचायची नसतात, त्यांचा अर्थ लावायचा असतो, हे मला गाडी आल्यावर समजलं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे इथे आधीच कोणीतरी डागडुजी केलेली आहे, आणि एस म्हणजे गंज. माझ्या गाडीवर एस सगळ्यात जास्त होते. मला वाटलं, एस म्हणजे सुंदर.

घरी मी 'एक वाहन घेतोय' एवढंच सांगितलं होतं. वाहन हा शब्द मी मुद्दाम निवडला. भारदस्त आहे, आणि त्यात किती माणसं बसतात ते कळत नाही. ज्या दिवशी ट्रकवरून ती उतरली त्या दिवशी तुमची बहीण दारात उभी होती. तिने गाडी पुढून पाहिली, बाजूने पाहिली, मग मागे जाऊन काचेतून आत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, हिचं मागचं कुठे राहिलं?" मी म्हटलं, एवढीच असते. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही, मी आणि आई यांच्यातलं एक माणूस कमी करायचं ठरवलंय का?" आणि त्या डबीत आपण आयुष्यात पाऊल ठेवणार नाही असं जाहीर करून आत निघून गेली. तुम्हाला तुमच्या घराण्याचा निश्चय ठाऊक आहेच.

मग मिस्त्री शोधला. याला सगळे 'बघूया' म्हणतात, कारण कुठलंही दुखणं सांगितलं की तो तेवढंच बोलतो. माणूस गुणी आहे. बॉनेट उघडून तो पहिली पंधरा मिनिटं नुसता आत बघत उभा राहतो, मग एक बोट आत घालतो, मग बाहेर काढून ते बोट बघतो. पहिल्या दिवशी त्याने निदान केलं की गाडी एकदम चांगली आहे, फक्त चालत नाही. त्याचे पंजे फावड्याएवढे आणि जपानी माणसाने सगळे बोल्ट करंगळीच्या मापाने बसवलेले, त्यामुळे अवघड जागी हात मलाच घालावा लागतो. तो वरून मार्गदर्शन करतो. चष्म्याचे स्क्रू बसवून माझी बोटं तयार झालेली आहेत असं त्याचं मत. (त्यानंतर दोन आठवडे दुकानात मी ज्या ज्या गिऱ्हाइकाचा चष्मा नाकावर बसवला त्याच्या नाकावर काळा ठिपका उमटला. एका बाईंनी त्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडून मलमही आणलं.)

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक संपूर्ण जपानी. त्यातल्या चित्रांवरून मी बरंच शिकलो. एका पानावर एक माणूस हसतोय आणि दुसऱ्या पानावर तोच माणूस रडतोय, आणि दोन्ही चित्रांत तो करतोय एकच. रेडिओवर तिकडच्या लहरी वेगळ्या असल्यामुळे इथलं एकच केंद्र लागतं आणि त्यावर दिवसभर पचनसंस्थेची व्याख्यानं असतात. फार वेगाने गेलं तर आतून घंटा वाजते असंही पुस्तकात आहे (घंटेचं चित्र आहे). ती मी अजून ऐकलेली नाही, ऐकण्याचा संभवही नाही. आणि किल्ली फिरवली की कुठूनतरी एक बाई अत्यंत मधुर आवाजात जपानीत एक वाक्य बोलते. मला वाटलं, स्वागत करत असेल. मी रोज तिला 'नमस्कार' म्हणत होतो. बोलली तर उलट उत्तर द्यावं, अशी आपली रीत.

सुटे भाग इथे मिळत नाहीत, जपानातून टपालाने मागवावे लागतात. आता तुमची बहीण पोस्टात. म्हणजे तिच्या नाकासमोरून माझ्या नावाची पार्सलं जाणार! ती रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर बसते आणि परदेशी पार्सलांची खिडकी वेगळी आहे हे खरं, पण भिंतीला कान असतात आणि पोस्टाच्या भिंतीला तर डोळेही. म्हणून मी सगळं आमच्या दुकानाशेजारच्या शिंप्याच्या नावावर मागवू लागलो. तिकडच्या दुकानदाराला कळवलं की बाहेर 'शिवणकामाची बटणं' असं लिही. तो बिचारा सरळमार्गी, लिहितो. आतापर्यंत शिंप्याला बटणांची सात पार्सलं आली. त्यातली क्लचची बटणं दोन माणसांनी उचलून आत आणली. शिंपी फार सज्जन माणूस आहे, एका शब्दाने बोलला नाही, फक्त विचारलं की असला शर्ट शिवायचा असेल तर माप घ्यायला क्रेन आणू का.

एवढं सगळं करून गाडी एकदाची चालू लागली आणि तिथून खरी आपत्ती सुरू झाली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं आपण ऐकत आलो. मी दोन मागितले आणि एकच उघडला. उजवा दिवा रुबाबात वर येतो, डावा अर्ध्यावर येऊन विचार करतो आणि पुन्हा मिटतो. मग परत उघडतो. परत मिटतो. मी डोळ्यांतला माणूस, मला निदान लगेच कळलं. आळशी डोळा. लहान मुलांत आम्ही चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतो, म्हणजे आळशाला कामाला लागावं लागतं. मी उजव्या दिव्यावर पट्टी बांधून पाहिली. (बघूयाने पट्टीखाली बोट घालून पाहिलं. नंतर 'बघूया' म्हणाला.) पट्टी बांधून गुण आला नाही. आणि धुक्याच्या दिवसांत रोज सकाळी पोस्टाच्या चौकात मी सिग्नलला थांबलो असताना, समोर रस्ता ओलांडायला कोण उभं असे, तर हिच्या पोस्टातल्या मोठ्या मॅडम. सलग तीन दिवस माझ्या गाडीने त्यांना डोळा मारला. तिसऱ्या दिवशी मी काच खाली करून खुलासा करायला गेलो की 'मॅडम, हा मी नाही, ही गाडी'. तर तेवढ्यात तिने पुन्हा मारला.

त्या संध्याकाळी घरी निकाल लागला. तुमच्या बहिणीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, समोर बसली आणि सांगितलं, "या महिन्याच्या शेवटच्या तारखेला ती गाडी फाटकाबाहेर नसेल, तर मी असेन." दादा, मी हसण्यावारी न्यायला गेलो आणि तिचा चेहरा बघून दिवस मोजू लागलो. सत्तावीस वर्षांत तिने मला तारीख कधी दिली नव्हती. मी जाहिरात द्यायचं ठरवलं. मजकूरही लिहिला. 'सुंदर जपानी गाडी, एका डोळ्याने' इथपर्यंत आलो आणि पुढे लिहवेना. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी दुकानाच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी थोडा रडलो. (औषध घातलेलं एक गिऱ्हाईक समोर होतं, पण त्याला काही दिसत नव्हतं.)

तारखेला नऊ दिवस उरले असताना आईंनी मला वाचवलं. त्यांना कानाच्या दवाखान्यात जायचं होतं, टॅक्सी येईना, आणि मी पटकन म्हणालो, चला मी सोडतो. त्या वाकून बसायला गेल्या आणि बसल्या त्या एकदम धप्पकन तळाला. आसन जमिनीपासून वीतभर. गुडघे हनुवटीला. मी किल्ली फिरवायला गेलो, तर गाडी आधीच फुरंगटलेली, हूं नाही की चूं नाही. म्हटलं, बाहेर या. तर येता येईना. मी पुढून ओढलं, शेजाऱ्यांनी बाजूने ओढलं, कोणी म्हणालं आधी पाय काढा, कोणी म्हणालं आधी आसन काढा. बघूयाला फोन केला, तो काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखालच. शेवटी आई म्हणाल्या, "राहू दे हो, मी बरी आहे इथे." मग त्यांचं जेवणाचं ताट खिडकीतून आत दिलं. त्यांनी तिथेच जेवून, तिथेच एक डुलकीही काढली.

दुपारच्या सुट्टीत ही घरी आली तर फाटकात गर्दी, आणि गर्दीच्या मध्यभागी आपली आई पेला मागतेय. माझ्याकडे एक नजर टाकून ती चालकाच्या बाजूने सरळ आत शिरली, मागून ढकलायला. शपथ मोडून! मी म्हटलं, आधी जरा किल्ली फिरवून बघ, गाडीचा रुसवा एव्हाना गेला असेल तर पलीकडची काच पूर्ण खाली जाईल, ओढायला बरं पडेल. तिने किल्ली फिरवली आणि गाडीतली बाई बोलली. तिचं वाक्य मी तुम्हाला कानाला लागतं तसं लिहितो. आधी इंग्रजी अक्षरांसारखं काहीतरी पुटपुटते, आणि मग: काऽदो गा सोन्यू सारेते इमासेन.

आईंनी एकदम मान वळवली. "अगं, ऐकलंस का? ही तुला हाक मारतेय! 'काढा गं, सोनू' म्हणतेय! मला बाहेर काढायला सांगतेय तुला!"

दादा, ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं ते तुम्हाला मी सांगायला नको. तिला सोनू म्हणणारं माणूस एकच होतं. तुम्ही तिला तिच्या नावाने हाक मारता, आई मारतात, मी 'अगं' म्हणतो. नानांनी सकाळी स्कूटरला लाथ मारायच्या आधी दिलेली हाक मी माझ्या लग्नानंतरही ऐकली आहे. माहेरी गेलेल्या आपल्या चांगल्या थोराड लेकीला ते पोस्टापर्यंत सोडायचे आणि निघताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं 'सोनू, चल' म्हणायचे. ते गेल्यावर ते नाव कोणी उचललं नाही. उचलायचं कसं, हेच कोणाला सुचलं नाही.

ती स्टिअरिंग धरून तशीच बसली. मग तिने किल्ली बंद केली आणि परत फिरवली. काऽदो गा सोन्यू. परत बंद, परत चालू. काऽदो गा सोन्यू. मी, माझ्या मेल्या स्वभावाप्रमाणे, म्हणालो की 'गं' असेल तर 'काढ' पाहिजे, 'काढा' व्याकरणात बसत नाही. त्यावर आई म्हणाल्या, परदेशातली बाई आहे, एवढं बोलते हेच फार. आणि ही हसली. डोळे पुसत हसली, आणि मग मागून असा काही जोर लावला की आई थेट माझ्या अंगावर आणि मी फाटकावर. पुढचं 'सारेते' म्हणजे 'सारे या' असा आईंचा अंदाज आहे, आणि सारे आलेले होतेच, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला ती फाटकाबाहेर होती. गाडीही होती. दोघी मिळून पोस्टात निघाल्या होत्या, मी फक्त चालवत होतो.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! ती आता रोज माझ्याबरोबर जाते. बसली की म्हणते, "थांबा, आधी तिला बोलू द्या." बाईचं बोलणं झालं की ही हळूच "हो गं" म्हणते, आणि मगच मी गिअर टाकायचा. मोठ्या मॅडमना तिने स्वतः जाऊन डाव्या डोळ्याचा आजार समजावला. आता त्या चौकात दिसल्या की गाडीला उलट डोळा मारतात. माझा हर्ष गगनात मावेना. आणि गगनात मावेना तेव्हा समजावं की आता खाली येणार.

मागच्या आठवड्यात दुकानात एक वयस्कर बाई आल्या. जन्मभर जपानी दुभाष्याचं काम केलेल्या, आता निवृत्त. मी हुरळून गेलो. त्यांचा नंबर काढायच्या आत त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं आणि अर्थ विचारला. त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "आजकाल हे वाक्य फार चालतंय वाटतं!" (का म्हणाल्या कोण जाणे.) आणि मग सांगितलं. तिकडे टोलनाक्यावर न थांबता जाता यावं म्हणून गाडीत एक डबी असते, तिच्यात कार्ड घालायचं असतं. ते नसलं की बाई बजावते: 'कार्ड आत घातलेलं नाही.' काऽदो म्हणजे कार्ड. सोन्यू म्हणजे आत सरकवणे.

दादा, मी त्यांचा डावा नंबर उजवीकडे लिहिला. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी हिला नवरा म्हणून काय दिलं त्याची यादी फार लांब नाही. चुकून एकदा एक नाव परत आणून दिलं, तर ते निघालं 'आत सरकवणे'!

तेव्हापासून ती बाई बोलायला लागली की मी खोकतो. ठरवून नाही, आपोआप येतो. नेमका 'काऽदो'वर सुरू होतो आणि 'सोन्यू'वर थांबतो, एवढं साधलंय. बघूयाने परवा सांगितलं की ती डबी बॅटरी खाते, उपटून टाकू. मी काही बोलायच्या आत त्याने उपटलीही. (आयुष्यात पहिल्यांदा 'बघूया' न म्हणता काम केलं ते हे.) दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि सगळं शांत. ही वाट बघत बसली. मग तिने विचारलं, "ती आज का बोलली नाही?" आणि माझ्या तोंडून गेलं, "घसा बसलाय तिचा." ती 'बरं' म्हणाली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी मी बघूयाच्या पाया पडून डबी परत बसवून घेतली. बॅटरी गेली तर जाऊ दे.

असो. पत्र लांबलं. मी आनंदात आहे, ही आनंदात आहे, आई सध्या शेजारच्या आसनावर उशी घालून बसण्याचा सराव करताहेत. पुढल्या महिन्यात पहिल्या रविवारी तुम्ही येताय हे ऐकून घरात सगळ्यांना अतोनात आनंद झाला आहे (एक जण सोडून, तो कोण ते खाली कळेल). गुडघ्याला जपा. वहिनींना सांगा, जमलं तर अजून एक गळपट्टा, जरा रुंद.

आपला,
भाऊजी म्हणून घ्यायला अजून थोडा पात्र असलेला,
चष्मेवाला

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही तरुणपणी तीन वर्षं जपानी गोदीत काढलीत हे तुमच्या बहिणीला परवा अचानक आठवलं. ती म्हणाली, "दादा आला की त्यालाच गाडीत बसवते आणि ती पूर्ण काय म्हणते ते विचारून घेते." तेव्हा दादा, हात जोडतो, पाया पडतो (जमिनीवरच आहे). तिने विचारलं तर एवढंच सांगा: 'ती म्हणते, ये गं सोनू, सावकाश जा.' जपानीत असं वाक्य असेल-नसेल, तुमचं कोण तपासणार आहे! गाडी गेली तर मी चार दिवस रडेन आणि गप्प बसेन. पण हिचं ते 'हो गं' गेलं तर मी काय करू?

ता. क. २ : तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. (आमच्या लग्नाच्या बोलणीत 'मुलगा बरा आहे पण चष्म्याशिवाय त्याला आपली मुलगी दिसणार नाही' हे तुम्हीच म्हणाला होतात.) अगदीच जीभ वळत नसेल, तर त्या दिवसांतलं तसलं एखादं जुनं कार्ड तुमच्या ट्रंकेत असेल तर घेऊन या. मी गुपचूप आत सरकवीन. मग ती ते वाक्यच म्हणणार नाही आणि प्रश्नच मिटेल. हिला सांगेन, घसा कायमचा गेला.

ता. क. ३ : उत्तर घरी पाठवू नका. शिंप्याच्या पत्त्यावर पाठवा, बाहेर 'बटणं' लिहा. हे पत्र मी मुद्दाम हिच्या पोस्टापासून लांब, गावाबाहेरच्या पेटीत टाकतोय. तुमच्या बहिणीला यातलं अवाक्षर कळता कामा नये.

ता. क. ४ : (अक्षर बदललंय, घाबरू नकोस, मी आहे.) दादा, गावातल्या आणि गावाबाहेरच्या सगळ्या पेट्या एकाच टेबलावर रिकाम्या होतात हे यांना सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही. पत्र चौदा पानी आणि तिकीट एका पानाचं, म्हणून ते परत माझ्याकडे आलं. पाकिटाला यांनी चष्म्याच्या काचेचा डिंक लावला होता, तो कागदाला धरत नाही. आता तिकीट मी पुरतं लावलंय. गेल्या वर्षापासून मी परदेशी पार्सलांच्या खिडकीवर आहे. यांना दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हे गाडीखाली होते. सातही बटणं माझ्याच हातून गेली. क्लच मी स्वतः ढकलत दारापर्यंत नेला.

त्या दुभाषी बाई माझ्या खिडकीवर पार्सल टाकायला येतात. आईला बाहेर काढलं त्याच आठवड्यात मी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं होतं. म्हणजे गाडीतली बाई काय म्हणते ते मला यांच्या कितीतरी आधी कळलंय. ऐकून घरी आले, दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, आणि ती बोलली तेव्हा माझ्या तोंडून 'हो गं' गेलंच. मग म्हटलं, जाऊ दे. नाना तरी कुठे शुद्ध बोलायचे! आता हे त्या नेमक्या शब्दाला खोकायचं थांबतात, ते बघून मला इतकं हसू येतं की मी खिडकीबाहेर तोंड करून बसते. यांना वाटतं मी रडतेय. कधीकधी तेही असतं.

तर तू आलास आणि मी विचारलं, की यांनी शिकवलंय तेच सांग. चेहरा सरळ ठेव, मीही ठेवीन. फक्त ते कार्ड मात्र ट्रंकेतच राहू दे. चुकूनसुद्धा आणू नकोस.

तुझी,
सोनू